चिंच आणि राख

पवनीच्या पुढे, बोरटोल्यात,
फुलवंता गोंडाणेंनी ढोलीत कोपरापर्यंत हात घातला
आणि धानाच्या पोटातून ओढून काढला
गोणपाटात गुंडाळलेला बुद्ध.

कानात, गळ्याच्या वळीत, मांडीच्या घडीत कोंडा.
मी फुंकर मारली नाही.
आधी बघायचं, मग हात लावायचा :
संग्रहालयात सव्वीस वर्षं एवढंच शिकलो.
त्याआधी भंडाऱ्यात, बापाच्या भट्टीवर,
नेमकं उलटं शिकलो होतो.

अंगणात लाखोरी वाळत होती. खाटेवर पोतं अंथरलं.
उंची वीत आणि चार बोटं.
वजन, किराणा दुकानाच्या काट्यावर, पावणेचार किलो.
नागाच्या वेटोळ्यांवर ध्यानस्थ, मागे सात फणे,
एक तुटलेला.
रुंद कपाळ, जोडलेल्या भुवया, जाड ओठ
आणि त्यांवर मिटत आलेलं हसू.
ख्मेर, मी म्हणालो. म्हणजे ख्मेर पद्धतीचा.
"पद्धतीचा" या एका शब्दावर
आमचा सगळा धंदा चालतो.

टिचकी मारली. आवाज लवकर विझला.
पालथा केला. आत गाभ्याची माती,
विटकरी, नखानं सुटणारी.
खांद्यावरून उतरलेली साच्याची शिवण
कुणीतरी घाईत कानशीनं लपवलेली.
आणि हिरवा गंज : खोलगट जागी कमी, उंचवट्यावर जास्त,
म्हातारपण फक्त गालांनाच लागावं तसा.
ओल्या कापसालाही लागला.

आता हे नरमाईनं कसं सांगायचं?
लोक मनात स्लॅब टाकून बसलेले असतात.
तुमसरच्या एकानं तर माझ्यादेखत
मूर्ती विहिरीत टाकली होती,
मग दोर मागायला आला.

"तीस वर्ष झाले जी," त्या म्हणाल्या.
"शांतिसेनेत गेले होते थे, कंबोडियाले. अँब्युलन्सवर.
पेटीत घालून आनला. कुठून आनला, सांगे नाई.
इचारलं का जेवन सोडून उठे.
थितं देवळं फुटले होते म्हने,
कोनी कोनाचंई उचलत होता म्हने.
मंग याले विहारात कशी नेऊ?
कोनाच्या घरचा बुद्ध, कोनाच्या पुढं ठेवू?
धान सरत आला का याचं मुंडकं दिसे.
मी डोये फिरवून पायली भरो."

मग, अगदी हळू :
"किंमत नोका सांगू.
चोरीचा तं नाई ना, एवढंच सांगा."

माझ्या कागदावर या प्रश्नाला रकाना नव्हता.

"नकली आहे," मी म्हणालो.
हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा
तहानलेल्याला पाणी द्यावं तसा दिला.
"बाजारासाठी ओतलेला. प्रवाशांना विकतात.
हवालदारांनी पैसे मोजून घेतला असेल."

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या.
चुलीतली राख, वाटीत चिंच,
न्हाणीच्या दगडावर बसून
बुद्धाला घासायला लागल्या,
बांधीतून आलेल्या पोराच्या टाचा घासाव्यात तशा.

आणि मी, ज्यानं जन्मभर सांगितलं
जुन्या धातूला चिंच लावू नका,
गडव्यानं पाणी ओतत होतो.
हिरवं नालीकडे वाहत गेलं.
खालून पिवळा निघाला,
भंडाऱ्याच्या लोट्यासारखा पिवळा :
आधी कपाळ, मग ओठ, मग एकेक फणा.

तुटक्या फण्यामागे एक जागा,
चवलीएवढी,
काळपट हिरवी, घट्ट.
दोनदा राख. तीनदा चिंच.
"हे निंगत नाई जी," त्या म्हणाल्या.

भिंग खिशातच होतं.
"राहू द्या," मी म्हणालो,
आणि गडवा पुन्हा भरून आणला.